वाकळ: पेडणे-डिचोलीचा नाव नसलेला टाका

भारतातल्या भरतकामांची यादी कुणी करायला घेतली की नावं पटापट येतात. कच्छचे रबारी भरत, पंजाबची फुलकारी, बंगालचा कांथा, लखनौची चिकनकारी, धारवाडची कसुती, संडूरच्या लमाण्यांचे आरसेकाम. मग कुणीतरी विचारतं, "आणि आमच्या पेडण्याचं काय? डिचोलीचं काय?" इथे यादी थांबते. तेरेखोल नदीपासून साखळीपर्यंतच्या या पट्ट्यात असं नाव मिळवलेलं एकही भरतकाम नाही.

याचा अर्थ इथल्या बायकांच्या हातात सुई नव्हती, असा होत नाही. सुई होती, दोरा होता आणि टाकेही हजारोंनी पडत होते. पण ते पडत होते वाकळीवर. कुणी तिला गोधडी म्हणेल, कुणी गोदडी. आपल्याकडचं सुईकाम पाहायचं तर ते देवघराच्या कोनाड्यात किंवा लग्नाच्या पेटीत शोधून उपयोग नाही, अंथरुणाच्या घडीत शोधावं लागतं. आणि अंथरुणाची वस्तू झिजून संपते, म्हणून तिचा इतिहासही लवकर संपतो. तो पुरता संपण्याआधी काय नोंदवता येईल, हे या लेखात पाहू.

आधी शब्द नीट लावू

वारसाप्रेमी मंडळींच्या गप्पांत विणकाम, भरतकाम आणि शिवण या तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. मागावर ताणा-बाणा घालून कापड तयार होतं ते विणकाम. तयार कापडावर सुईने नक्षी उठवली की भरतकाम, म्हणजेच कशिदा. कापडाचे तुकडे किंवा थर एकमेकांना जोडणं म्हणजे शिवण.

गोव्याची प्रसिद्ध कुणबी साडी ही पहिल्या वर्गातली. तिच्या लाल चौकड्या मागावरच विणलेल्या असतात, वरून भरलेल्या नसतात. ती नेसण्याची तऱ्हा वेगळी, खांद्यावर गाठ मारून घट्ट बांधायची, म्हणजे चिखलात वाकून काम करताना पदर सुटत नाही. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी या साडीकडे देशाचं लक्ष वेधलं. 'गोव्याचं भरतकाम' म्हणून तिचा फोटो टाकणारे मात्र चुकतात. तिथे कलाकार सुई नव्हे, माग आहे.

वाकळ तिसऱ्या वर्गातली, म्हणजे शिवण. पण तिच्यावर इतके टाके पडतात की शिवणीचंच भरतकाम होऊन जातं. बंगालचा कांथाही मुळात हाच प्रकार: जुन्या साड्यांचे थर आणि त्यांना धरून ठेवणारा साधा धावदोरा. फरक एवढाच की कांथ्याच्या धावदोऱ्याने पुढे हत्ती, कमळं, पालख्या काढल्या आणि वाकळीचा धावदोरा सरळ रेषेत चालत राहिला.

जनावरांमागे फिरणारे समाज एवढं भरतकाम का करतात?

आपल्याकडे भरतकाम का वाढलं नाही हे समजून घ्यायचं तर ते जिथे वाढलं तिथे आधी बघायला हवं. त्यात पशुपालक आणि भटके समाज पुढे दिसतात.

कच्छचे रबारी उंट, मेंढ्या, शेळ्या घेऊन फिरणारे. घर पाठीवर असलेल्या माणसाला भिंती रंगवता येत नाहीत, जड सामान साठवता येत नाही. घडी घालून उंटावर टाकता येते ती संपत्ती म्हणजे कापड. मुलीच्या लग्नासाठी घागरे, कांचळ्या, पिशव्या, तोरणं भरून ठेवायची पद्धत त्यातून वाढली. आरसे, रंग, टाक्यांची ठेवण यावरून माणूस कुठल्या पोटशाखेचा हे ओळखता येई. कापड म्हणजे ओळखपत्रच.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. हुंड्याच्या या भरतकामाचा भार इतका वाढला की मुलींची लग्नं लांबू लागली. अखेर १९९५ मध्ये ढेबरिया रबारी समाजाच्या पंचांनी भरतकाम करण्यावर आणि वापरण्यावर बंदी घातली. ज्या कलेचं जग कौतुक करत होतं, तीच कला समाजाने स्वतःहून खाली ठेवली. बायकांनी मग तयार झालरी आणि फिती जोडून नवी तऱ्हा काढली. परंपरेबद्दल बोलताना ही गोष्ट विसरू नये. टाका सुंदर दिसतो, पण तो कुणाच्या तरी डोळ्यांतून आणि वेळातून निघालेला असतो.

बंजारा ऊर्फ लमाणी समाजाचं भरत रंगांनी पेटलेलं असतं. लाल-निळ्या जाड सुती कापडावर चौकोन, त्रिकोण, आरसे, कवड्या, नाणी, कडेला गोंडे. कर्नाटकातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तिसरं उदाहरण निलगिरीच्या तोडा समाजाचं. हे लोक म्हशी पाळणारे. पांढऱ्या सुती कापडावर लाल आणि काळ्या दोऱ्याने धागे मोजून नक्षी भरतात. २०१३ मध्ये या भरतकामालाही मानांकन मिळालं. तोडांचं उदाहरण आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. "कोकणात पाऊस फार, कापड कुजतं, म्हणून इथे भरतकाम टिकलं नाही," असं आपण सहज म्हणून जातो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बुरशी आणि कसर यांचं राज्य असतं, हे खरंच. पण निलगिरीतही पाऊस आणि धुकं कमी नाही. तरी तिथला टाका टिकला, कारण त्या कापडाला समाजाच्या विधीत जागा आहे. ते समारंभात पांघरतात आणि मृत माणसालाही त्यातच गुंडाळतात. विधीला लागतं म्हणून ते पुन्हा पुन्हा नवं भरावं लागतं. पाऊस हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं विधीत शोधायला हवं.

आपल्या वाटांवरून गेलेले टाके

पेडण्यात हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर किंवा शेजारच्या बार्देशात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात गेलात तर लमाणी बायका भरतकामाच्या पिशव्या, पट्टे, चादरी विकताना दिसतात. पर्यटक ते 'गोव्याचं भरतकाम' म्हणून घरी नेतात. ते गोव्याचं नाही, घाटावरून आलेलं आहे. आणि त्या ढिगातलं सगळं लमाण्यांच्या हातचं असेलच असंही नाही. गुजरात-राजस्थानकडचे जुने तुकडे जोडलेले आणि यंत्रावर भरलेले नगही त्यात मिसळलेले असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे कापड उलटं करून बघायचं. हाताच्या टाक्याची पाठ थोडी वेडीवाकडी असते, दोरा जिथे संपला तिथे गाठ किंवा शेपूट दिसतं. यंत्राची पाठ सगळीकडे एकसारखी असते.

पण लमाणी आणि हा प्रदेश यांचं नातं पर्यटनाच्या आधीचं आहे. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणं हा बंजाऱ्यांचा मूळ धंदा. किनाऱ्यावर मीठ पिकतं आणि घाटावर ते लागतं. पेडण्याच्या आगरवाड्यात आजही मिठागरं आहेत, गावाच्या नावातच 'आगर' आहे. रामघाट, चोर्ला घाट अशा वाटांनी बैलांचे तांडे ये-जा करत. भरलेल्या घागऱ्यांची माणसं इथून जात-येत होती, तरी तो टाका इथल्या बाईने उचलला नाही.

घाटापलीकडची धारवाडची कसुतीही फार दूर नाही. कापडावर आधी काहीही न रेखता, धागे मोजत ती भरतात. गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन हे तिचे आवडते आकार. इरकली लुगडी घाट उतरून आपल्याकडे आली, खण आले, पण कसुती भरायची सवय आली नाही.

आणि आपले स्वतःचे पशुपालक? गोव्याच्या डोंगरकडांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. हे लोक मुख्यतः म्हशी आणि शेळ्या पाळणारे. देशावरच्या धनगरांकडे मेंढ्या असतात, त्यांची लोकर कातून घोंगडी होते. कोकणच्या दमट हवेत लोकरीची मेंढी रमत नाही. म्हणून घोंगडी इथे वापरात असली तरी ती घाटावरची वस्तू. शिवाय घोंगडीला सुईची गरजच नाही. ना कापायची, ना शिवायची. एका टोकाला दुमडून खोळ केली की डोक्यापासून पाठीपर्यंत पावसाचा बंदोबस्त झाला.

धनगरांच्या बाबतीत नोंदींचा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. २००३ मध्ये गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. गवळी धनगर बाहेर राहिले आणि त्यांची मागणी तेव्हापासून चालू आहे. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणं हा या लेखाचा विषय नाही. पण असा दर्जा ठरवताना समाजाचं सांस्कृतिक वेगळेपण हा एक निकष असतो. वेश, मण्यांच्या माळा, अंथरूण-पांघरूण या गोष्टी कुणी लिहूनच ठेवल्या नसतील, तर ते वेगळेपण दाखवायचं कशाने? जुन्या कापडाची नोंद अशी एकदम आजच्या प्रश्नाशी येऊन भिडते.

दोन वेद्या, दोन सुया

आता विधीच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी थोडा राजकीय इतिहास लागेल. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये. या झाल्या जुन्या काबिजादी. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सावंतवाडीच्या भोसल्यांचे मुलूख १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांच्या हाती आले, म्हणून त्या नव्या काबिजादी. दोघांत जवळजवळ अडीचशे वर्षांचं अंतर. या अंतराने जशी देवळं, बोली, जेवणं वेगळी राहिली, तशी सुईसुद्धा.

जुन्या काबिजादींत चर्च आलं आणि चर्चबरोबर भरतकामाची गरज आली. पाद्रीचा झगा, वेदीवरचं वस्त्र, मूर्तीचा पोशाख या सगळ्यांवर सोन्या-चांदीच्या तारेचं, रेशमाचं काम हवं. जुन्या गोव्यात सांता मोनिका हा जोगिणींचा मठ १६०६ मध्ये सुरू झाला. अशा मठांतून सुईकाम हे शिक्षणाचा भाग झालं. पुढे लेस, क्रोशे, पांढऱ्यावर पांढरं भरत हे कॅथलिक घरांतल्या मुलींना शिकवलं जाऊ लागलं. सांता मोनिकाच्या परिसरात आज ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे असली वस्त्रं काचेआड जपून ठेवलेली दिसतात.

आता पेडणे-डिचोलीच्या देवळांत या. देवीची ओटी भरतात ती खणानारळाने. हा खण म्हणजे चोळीचं कापड, पण तो द्यायचा असतो न शिवलेला. शिवून चोळी करून कुणी ओटी भरत नाही. पूजेला बसताना सोवळं नेसतात, तेही न शिवलेलं. दसऱ्याला आणि पुनवेला पेडण्यात तरंगं निघतात, त्यांना रंगीत लुगडी नेसवतात. त्या लुगड्यांच्या चुण्या बघत राहाव्या अशा असतात, पण तिथे कलाकार असतो नेसवणाऱ्याचा हात. सुईचं काम नसतं. कोरं, अखंड, सुई न लागलेलं वस्त्र हेच पवित्र.

डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जे धोंड येतात, त्यांच्या हातात वेताची काठी असते. तिला रंगीबेरंगी लोकरीचे गोंडे बांधलेले असतात. लमाणी घागऱ्याच्या कडेला, उंटाच्या गळ्यात जो गोंडा दिसतो त्याचाच हा भाऊबंद. लोकर न पिकणाऱ्या मुलखात लोकरीचा गोंडा देवीच्या काठीवर चढला, ही नवलाची गोष्ट आहे. पण लक्षात घ्या, गोंडा बांधतात, भरत नाहीत. इथेही सुई बाहेरच.

देवळांत भरतकाम अजिबात नसतं असं नाही. पालखीच्या मखमली झालरी असतात, दशावतारातल्या राजाच्या अंगावर जरीकाम चमकतं. पण ते सहसा कारागिराकडून आणलेलं, घरच्या बाईच्या सुईतलं नव्हे.

थोडक्यात, जिथे सुई वेदीपाशी गेली तिथे तिला नाव मिळालं, शिक्षण मिळालं आणि शेवटी संग्रहालय मिळालं. आपल्याकडे ती गेली अंथरुणापाशी. तिथे तिने कष्ट तेवढेच केले, पण नाव मिळालं नाही.

वाकळ कशी शिवतात

वाकळीचा हंगाम म्हणजे शेतीची कामं उरकल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतचा. उन्हं हवीत, कोरडं अंगण हवं, आणि चार बायका मोकळ्या हव्यात.

आधी कापड निवडायचं. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, पण ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसून-उठून मधला भाग विरतो, काठ आणि पदर शाबूत राहतात. शाबूत भाग वरच्या आणि खालच्या बाजूला, विरलेला भाग आतल्या थरांत. आत मग काहीही चालतं: धोतराचे तुकडे, मुलांचे फाटके सदरे, फडकी. गुंड्या आणि जाड शिवणी तेवढ्या उसवून काढायच्या, नाहीतर पाठीला टोचतात.

सारवलेल्या जमिनीवर खालचं कापड ताणून पसरतात, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर एकेक थर अंथरून हाताने सुरकुत्या काढतात. वरचं कापड घातलं की आधी लांब लांब टाके घालून सगळे थर धरून घेतात. हे कच्चे टाके नीट पडले नाहीत तर वाकळ एका बाजूला ओढली जाते आणि आयुष्यभर तिरकी राहते. त्यानंतर खरा धावदोरा. कुणी कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येतं, कुणी लांबीच्या समांतर ओळी घालतं. दोन-तीन जणी वेगवेगळ्या कडांवर बसल्या तर काम लवकर होतं, पण प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. जुनी वाकळ निरखून पाहिली तर कुठे एक हात थांबला आणि दुसरा सुरू झाला हे कळतं.

या कामाचा साधा हिशेब करून बघू. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब वाकळ धरा, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. अर्ध्या अर्ध्या इंचावर लांबीच्या ओळी घातल्या तर १२० ओळी होतात. एकूण लांबी १०,०८० इंच, म्हणजे सुमारे २५६ मीटर. एका इंचात चार टाके धरले तर ४०,३२० टाके. मिनिटाला २० टाके पडले तरी जवळजवळ ३४ तास निव्वळ सुई चालवण्याचे. कापड निवडणं, उसवणं, अंथरणं वेगळं. घरकाम, शेत, गुरं सांभाळून उरलेल्या वेळात हे ३४ तास काढायचे. "बायका रिकाम्या वेळात गोधड्या शिवत," असं वाक्य लिहिण्याआधी हा हिशेब आठवावा.

या टाक्यांचं काम फक्त थर धरून ठेवणं एवढंच नाही. दोन टाक्यांच्या मध्ये कापड किंचित फुगतं आणि थरांत हवा अडकते. तीच हवा ऊब देते. टाके फार दूर पडले तर आतले तुकडे सरकून गोळा होतात, फार जवळ पडले तर वाकळ पुठ्ठ्यासारखी होते. अर्धा-पाऊण इंचाचं अंतर हे कुणी शाळेत शिकवलेलं नाही, अंगाने आणि थंडीने शिकवलेलं आहे.

वाकळ कशी वाचायची

इतिहासाच्या मंडळींना कागद वाचायची सवय असते. वाकळही वाचता येते. ती थरांची वही आहे.

वरचा थर सगळ्यांत नवा असतो असं नाही. जुनी वाकळ फाटली की ती फेकत नाहीत, तिच्यावर नवं कापड चढवून पुन्हा टाके घालतात. म्हणजे एका वाकळीच्या पोटात दुसरी वाकळ सापडू शकते. एखादा कोपरा उसवलेला असेल तर आत डोकावा. हातमागाचं लुगडं सर्वांत आत, त्यावर गिरणीचं कापड, त्यावर टेरिलीन किंवा नायलॉन, असा क्रम दिसला तर एका घराचा पन्नास-साठ वर्षांचा कपडेपट तुमच्या हातात आहे.

गिरणीच्या कापडाच्या थराशी मुंबई जोडलेली आहे. मुंबईत सुती गिरणी १८५०च्या दशकात सुरू झाली आणि कोकणपट्टीतली घरंच्या घरं त्या धंद्याला बांधली गेली. चाकरमानी सणाला घरी येताना कापड आणायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्यांचं ते जग हळूहळू मोडलं. त्याच सुमारास घरांत कृत्रिम धाग्याच्या साड्या वाढत होत्या. कृत्रिम साडी फाटत नाही, विरत नाही, घाम शोषत नाही आणि थरांत घातली की निसटते. सुती लुगडं संपलं आणि वाकळीचा कच्चा मालच संपला. वर बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली. वाकळ मागे का पडली याचं उत्तर "नव्या पिढीला आवड नाही" एवढ्यात संपत नाही, ते कापडातही आहे.

शेजाऱ्यांनी काय केलं

हाच धावदोरा, हेच जुने कपडे, पण नाव मिळालं असं एक उदाहरण अगदी शेजारी आहे. उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणलेले. तिथून पळून ते घाटातल्या जंगलांत गेले. त्यांची घरची बोली कोकणीच्या जवळची. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंद' शिवतात. कडेने सुरुवात करून ठिगळं लावत लावत मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंद पुरी होत नाही, ती उघडी वाटते असं त्या मानतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूवल यांनी या कवंदींचा अभ्यास केला, प्रदर्शनं झाली आणि आज परदेशातले संग्राहक त्या मागवतात.

त्याहून जुनं उदाहरण कोल्चांचं. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधल्या सातगावच्या बाजूला पिवळसर रेशमाने भरलेल्या गोधड्या पोर्तुगीजांसाठी तयार होत. पोर्तुगीज जहाजांतून त्या युरोपात गेल्या, राजघराण्यांच्या पलंगांवर पडल्या. आज त्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. पांघरूण हे मुळात क्षुल्लक असतं म्हणून विसरलं जातं, असं नाही. कुणाचं पांघरूण आणि कुणी लिहून ठेवलं, यावर ते अवलंबून असतं.

सिद्दी कवंदीपेक्षा आपली वाकळ कमी आहे, असं तिच्याकडे बघून तरी वाटत नाही. कमी आहे ती नोंद.

आपण काय करू शकतो

यासाठी संग्रहालय उभारायची वाट बघायला नको. घरात किंवा शेजारी जुनी वाकळ असेल तर पुढच्या गोष्टी एका दुपारी होतात.

पहिलं म्हणजे फोटो. पूर्ण वाकळ वरून, मग उलटी करून पाठ, चारी कोपरे आणि टाक्यांचा जवळून फोटो, त्यात शेजारी मोजपट्टी. दुसरं, मापं: लांबी, रुंदी, कडेला मोजता येतील तेवढे थर, एका इंचात टाके किती, दोन ओळींत अंतर किती, ओळी समांतर की चौकोनात चौकोन. तिसरं, कापड ओळखा: काठ, चौकडी, छाप, सुती की कृत्रिम. वाकळ मात्र उसवू नका. उसवून पाहिलेली वाकळ म्हणजे फाडलेलं दप्तर.

चौथं आणि सर्वांत घाईचं, माणसं. ज्या आजींनी, मावश्यांनी स्वतः वाकळ शिवली त्या आज आहेत, त्यांच्याशी बोलायला हवं. प्रश्न सोपे ठेवा. "आजी, ही कुणासाठी शिवली होती?" "कापड कुणाकुणाचं आहे यात?" "पहिला टाका कुठल्या कोपऱ्याला घालायचा?" "दोरा विकतचा, की कापडातून ओढून काढलेला?" "या टाक्याला तुम्ही काय म्हणता?" "कुठल्या वारी शिवायला बसत नव्हता?" उत्तर कोकणीत आलं तर कोकणीत, मालवणी वळणाने आलं तर तसंच लिहा. त्याचं शुद्ध मराठी करू नका, कारण टाक्याचं नाव त्या उच्चारातच असतं. नाव-गाव छापायचं की नाही हे मात्र त्यांना आधी विचारा.

पाचवं, जपणूक. वाकळ घडी घालून ठेवली तर घडीवर विरते, म्हणून धुतलेल्या सुती चादरीबरोबर गुंडाळी करून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल कोंडते. पावसाळ्याआधी आणि नंतर सावलीत वारं द्या. फार जुनी असेल तर धुण्याच्या यंत्रात घालूच नका.

शंभर वाकळींची अशी नोंद झाली तर आपल्याला बरंच सांगता येईल. पेडण्याची ओळ आणि डिचोलीची ओळ वेगळी पडते का, धनगरवाड्यावरची वाकळ आणि शेतकरी घरातली वाकळ यांत फरक आहे का, सावंतवाडीच्या बाजूचा टाका इथपर्यंत येतो का. आज या प्रश्नांवर नुसत्या गप्पाच होऊ शकतात. वाकळी तर अजून कपाटांत, माळ्यांवर आणि गाड्या पुसायच्या फडक्यांत पडलेल्या आहेत. निदान फडक्यात जाण्याआधी तिचा एक फोटो निघावा आणि मागे एका बाईचं नाव लिहिलं जावं.